द्राक्षाचं ॲप: पानाचा फोटो क्लाउडवर पाठवून रोग ओळखायचाय, कसं करावं?

तासगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला नीट मिळणार नाही म्हणून लिहितोय.

मी तासगावजवळचा, घरची अडीच एकर द्राक्षबाग, शिक्षण कॉम्प्युटर डिप्लोमा, आणि गेली दोन वर्षं फवारणीच्या नोंदी ठेवायचं एक अँड्रॉइड ॲप चालवतोय. छाटणीची तारीख टाकली की आज कितवा दिवस ते दिसतं, कुठलं औषध कधी मारलं, काढणीआधी ते किती दिवस बंद करायचं, हे सगळं त्यात. सावळज, मणेराजुरी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातले दीडशेच्या आसपास बागायतदार वापरतात, बहुतेक ओळखीतलेच. आता सगळ्यांची एकच मागणी आहे, पानाचा फोटो काढला की भुरी आहे का डाउनी आहे ते ॲपनंच सांगावं. सकाळी सात वाजता मला व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात, मी ते वडिलांना दाखवतो, वडील सांगतात, मी उत्तर टाइप करतो. हे किती दिवस चालणार.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा गूगल क्लाउड व्हिजन एपीआय (फोटोत काय आहे ते सांगणारी गूगलची तयार ऑनलाइन सेवा) लावून बघितलं, फोटो पाठवला की लेबल येतात. आली पण काय आली तर पान, झाड, द्राक्षवेल. रोगाचं नाव नाही. मग नेटवर प्लांटव्हिलेज म्हणून पानांच्या फोटोंचा मोठा साठा मिळाला, त्यात द्राक्षाचे चार वर्ग होते, त्यावर स्वतःचं मॉडेल शिकवलं. लॅपटॉपवर ९८ टक्क्यांच्या वर बरोबर यायला लागलं तेव्हा रात्री दोन वाजता आईला उठवून दाखवलं मी. दुसऱ्या दिवशी आमच्याच प्लॉटमध्ये वडिलांनी वीस पानं दाखवली, त्यातली पाच-सहाच बरोबर आली. एका पानावर तर सरळ भुरी होती, बोटाला पीठ लागत होतं, आणि ॲप म्हणतंय निरोगी.

आता प्रश्न असा की मॉडेल फोनमध्येच ठेवू का क्लाउडवर, क्लाउडवर ठेवलं तर महिन्याला खर्च किती येईल, आणि बागेत जे चुकतंय ते कशानं चुकतंय. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

विश्रामबागकर

मित्रा आधी खर्चाचं बोलू, कारण तिथंच माणसं फसतात. मी सांगलीचाच, नोकरीला पुण्यात, क्लाउडवरच दिवस जातो.

तू जी व्हिजन एपीआय वापरलीस तिचा हिशोब सोपा आहे, प्रत्येक सोयीमागं महिन्याला पहिले १००० फोटो फुकट आणि लेबलसाठी पुढच्या दर हजाराला दीड डॉलर. दीडशे जण, दिवसाला चार फोटो धर, म्हणजे महिन्याला १८ हजार, त्यातले हजार वजा, राहिले १७ हजार, साडेपंचवीस डॉलर. एकाच फोटोवर लेबल पण मागितलं आणि मजकूर पण वाचायला सांगितला तर ते दोन धरतात हे लक्षात ठेव. पण मुळात ती तयार सेवा जगातल्या सगळ्या वस्तूंसाठी आहे, तिला द्राक्षवेल कळते, डाउनी कळणार नाही. तेव्हा स्वतःचं मॉडेल लागणारच.

स्वतःचं मॉडेल क्लाउडवर ठेवायचे दोन रस्ते. एक म्हणजे गूगलच्या व्हर्टेक्स एआयसारख्या ठिकाणी एंडपॉइंट, म्हणजे मॉडेलला फोटो पाठवायचा पत्ता, उघडायचा. सोपं जातं, पण तिथं साध्या मांडणीत एक मशीन कायम उभं राहतं, रात्री तीनला एकही फोटो आला नाही तरी मीटर चालू. तुझ्यासारख्याला ते परवडणार नाही. दुसरा रस्ता, मॉडेल कंटेनरमध्ये (लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात) घालून गूगलच्याच क्लाउड रनवर टाकायचं, मागणी आली की उठतं, नसली की शून्यावर जातं आणि पैसे थांबतात. तोटा एवढाच की सकाळचा पहिला फोटो टाकणाऱ्याला काही सेकंद थांबावं लागतं, मशीन जागं होईपर्यंत. मला वाटतं बागेत उभा असलेला माणूस दहा सेकंद थांबेल, फक्त स्क्रीनवर ‘तपासतोय’ असं मराठीत दिसलं पाहिजे, कोरा पडदा नको. रीजन (सर्व्हर कुठल्या शहरात ते) मुंबईचा घे, तुझा फोटो उगीच अमेरिकेला जाऊन यायला नको.

आणि एक कळकळीची विनंती, एपीआयची किल्ली (सेवा वापरायचा गुप्त पासवर्ड, बिल तिच्यावर लागतं) ॲपच्या आत ठेवू नकोस. एपीके म्हणजे ॲपची फाइल उघडून आतलं सगळं वाचता येतं, त्यासाठी फुकटची टूल आहेत, पंधरा मिनिटांचं काम आहे. ॲपनं तुझ्या सर्व्हरशी बोलायचं, सर्व्हरनं मॉडेलशी. मध्ये फायरबेसचं ॲप चेक लाव म्हणजे मागणी खरंच तुझ्या ॲपमधनं आलीय का ते तपासलं जातं.

मणेराजुरी_अण्णा

मी शेतकरी माणूस, तुमच्यातलं तांत्रिक मला काय कळत नाही, पण धागा वाचला म्हणून लिहितो. हे पोराचं ॲप मी वापरतो, चांगलं हाय.

पोरा तू पानाचा फोटो वरनं काढतोस का खालनं? डाउनी म्हणजे आमचा केवडा, तो वरनं नुसता तेल सांडल्यागत पिवळसर डाग दिसतो, उन्हाकडं पान धरलं की लगेच कळतो. पण खात्री करायची तर पान उलटं करावं लागतंय. खाली पांढरी कापसागत बुरशी दिसली की बहुतेक केवडाच. भुरी ही जास्त करून वरच्या अंगाला राखाडी पिठागत, बोटानं पुसली की जाते. करप्याला बारीक तपकिरी ठिपके, मग मधला भाग वाळून भोकं पडतात. तुझे वडील पान हातात घेतले की पहिल्यांदा उलटं करतात बघ, सवयीनं, त्यांच्या ध्यानात पण येत नसंल. तुझ्या ॲपला कुणी पान उलटं करून दाखवलंय का?

तासगावचा_पोरगा

अण्णा, नाही दाखवलं. सगळे फोटो वरच्या बाजूचेच आहेत. हे वाचल्यावर आत्ता वडिलांना विचारलं, ते म्हणाले व्हय की, उलटल्याशिवाय कसं सांगणार. मी दोन वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून हे बघतोय आणि डोक्यात आलं नाही.

मिरजेची_अँड्रॉइडवाली

मी फोनच्या बाजूचं सांगते, कारण क्लाउड क्लाउड करताना फोनकडं दुर्लक्ष होतं.

बागेत रेंज किती असते? आमच्या मामाची बाग जत तालुक्यात आहे, मांडवाखाली गेलं की फोनवर एक काडी, आणि ब्लोअर चालू असताना कोण फोन हातात धरून उभं राहणार. त्यामुळं फोटो काढला की लगेच उत्तर आलंच पाहिजे अशी रचना करू नकोस. फोटो फोनमध्ये रांगेत ठेव, अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरला सांग रेंज आली की पाठव, उत्तर आलं की नोटिफिकेशन. माणूस घरी जाऊन चहा पिताना बघेल.

दुसरं म्हणजे फोटो आहे तसा पाठवू नकोस. आजकालच्या फोनचा फोटो चार एमबी सहज असतो. लांब बाजू १०२४ पिक्सेलवर आणलीस आणि जेपेगची क्वालिटी ८० वर ठेवलंस तर दोनशे केबीच्या आसपास येतो. वीसपट फरक आहे, डेटा पण वाचतो आणि कमी रेंजमध्ये पण जातो.

तिसरं, फोटो धुरकट आहे का, अंधारात काढलाय का, त्यात पान तरी आहे का, एवढं फोनवरच तपास. धुरकटपणा मोजायला मॉडेल पण लागत नाही, कडा किती तीक्ष्ण आहेत ते लाप्लासियन नावाच्या गणितानं काढता येतं, चार ओळींचं काम. पान आहे का नाही याला मोबाइलनेट नावाचं फोनसाठीचं छोटं मॉडेल पुरतं, त्याच्यातले आकडे आठ बिटांवर आणून लहान केले की चारेक एमबीत बसतं. फोनवर मॉडेल चालवणाऱ्या टेन्सरफ्लो लाइटवर चालव, २०२४ पासून त्याचं नाव लाइटआरटी केलंय, जुने धडे वाचताना गोंधळू नकोस. फोनवर जे चालतं त्याला बिल येत नाही आणि रेंज लागत नाही. मी तर म्हणेन रोगाचं मॉडेल पण फोनवरच टाक आणि क्लाउडचा नादच सोड.

सांगली_ते_हिंजवडी

ताईंचं बाकी सगळं पटतं, शेवटचं वाक्य मात्र पटत नाही, आणि का ते सांगतो कारण या प्रश्नाचा गाभा तिथंच आहे.

मोबाइलनेटसारखी मॉडेलं साधारणपणे २२४ बाय २२४ पिक्सेलचा फोटो आत घेतात. म्हणजे तुझा १२ मेगापिक्सेलचा फोटो आवळून आवळून तेवढा करतात. द्राक्षाचं पान १५ सेंटीमीटर रुंद धर आणि ते पूर्ण फ्रेममध्ये बसलंय असं धर, तर एका मिलिमीटरला दीड पिक्सेल मिळाला. सुरुवातीचा डाउनीचा डाग पाच मिलिमीटरचा असेल तर तो झाला सात पिक्सेलचा ठिपका. भुरीचं कोवळं पीठ तर दिसणारच नाही, नुसता रंग किंचित फिका वाटेल. वीस दिवसांची बाग असताना जो डाग सापडला पाहिजे नेमका तोच आपण फोटो आवळताना पुसून टाकतोय. जुना पसरलेला रोग ओळखेल, पण तो तर लांबून पण दिसतो, त्याला ॲप कशाला.

म्हणून पानाचे तुकडे पाडायचे, मोठ्या फोटोवर चौकोन चौकोन फिरवत प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा आणि शेवटी निकाल एकत्र करायचा. असे वीस-पंचवीस तुकडे आणि मोठं मॉडेल स्वस्तातल्या जुन्या फोनवर चालवलं तर फोन तापतो आणि बॅटरी उतरते. क्लाउडचं काम इथं आहे. पण मग ताई, १०२४ ला आवळणं पण जरा बेतानं, मी १६०० च्या आसपास ठेवीन, आणि पान सोडून बाकीचा भाग कापून पाठवीन.

आता ९८ टक्क्यांचं. प्लांटव्हिलेजमध्ये ५४ हजारांवर फोटो आहेत, १४ पिकं, २६ रोग. त्यावरचा २०१६ चा गाजलेला अभ्यास आहे, मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांचा. त्यात त्याच साठ्यातल्या बाजूला ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के आले आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर तेच मॉडेल ३१ टक्क्यांवर आलं. त्यांनी ते त्याच लेखात प्रामाणिकपणे लिहिलंय. कारण ती पानं तोडून, सपाट एका रंगाच्या कागदावर ठेवून काढलेली. तुझ्या बागेत मागं मांडवाची तार आहे, दुसरी पानं आहेत, सावल्या आहेत, मातीचे शिंतोडे आहेत. वीसातली पाच-सहा म्हणजे तू नेमका त्याच आकड्याच्या आसपास आलास, तुझं कोडिंग चुकलेलं नाही.

कृषीसेवा_पलूस

वरचं सगळं बरोबर असेल पण मूळ चूक त्याच्याही आधीची आहे. मी कृषी पदवीधर, दुकान चालवतो, रोज पन्नास पानं बघतो.

प्लांटव्हिलेजमध्ये द्राक्षाचे चार वर्ग कुठले आहेत बघितलंस का नीट? ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. यात भुरी कुठाय? डाउनी कुठाय? आपल्या सांगली जिल्ह्यातला बागायतदार ज्या दोन रोगांवर सगळ्यात जास्त पैसा ओततो ते दोन्ही त्यात नाहीतच. मॉडेलला तू भुरीचं पान दाखवलंस, त्यानं जन्मात भुरी बघितलेली नाही, ते बिचारं चारातलं जवळचं काहीतरी सांगणार. निरोगी म्हणालं यात नवल काय.

आणि हे फक्त मार्कांचं नाही. भुरीला गंधक, डाउनीला मोरचूद-चुन्याचं बोर्डो किंवा मँकोझेब, हे दोन वेगळे रस्ते आहेत. डाउनी म्हणजे बागेला लागलेली आग, फुलोऱ्यात पाऊस झाला आणि दोन दिवस चुकले की घडच कुजतात. ॲपनं डाउनीला भुरी म्हटलं आणि शेतकरी गंधक मारत बसला तर वर्षाचं पीक गेलं. उलटं पण वाईट, गरज नसताना औषध मारलं आणि माल युरोपला जाणारा असेल तर औषधाच्या अवशेषाची मर्यादा ओलांडली की कंटेनर अडकतो. त्यामुळं तुझ्या ॲपला एक उत्तर यायलाच पाहिजे, ‘मला कळत नाही, माणसाला दाखवा’. हे उत्तर ज्या ॲपला देता येत नाही ते मी माझ्या गिऱ्हाइकाला वापरू देणार नाही, स्पष्ट सांगतो.

औषधाचं नाव आणि प्रमाण तर ॲपनं सांगूच नये असं माझं मत. रोगाचा संशय सांगावा, पुढचं मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीतनं किंवा जाणत्या माणसाकडनं.

तासगावचा_पोरगा

दादा, मी ब्लॅक रॉट म्हणजेच करपा असेल असं धरून चाललो होतो. कुणाला विचारलं पण नाही. तुमचं वाचून पोटात गोळा आला, कारण मी पुढच्या आठवड्यात हे सगळ्यांना अपडेट म्हणून सोडणार होतो.

सोडत नाही. आता फोटो आपलेच गोळा करतो. पण किती लागतील आणि कसे काढू?

सांगली_ते_हिंजवडी

आकडा नाही सांगत, पद्धत सांगतो. एकाच प्लॉटमधले हजार फोटो घेण्यापेक्षा वीस प्लॉटमधले पन्नास-पन्नास घे. जातीजातीत फरक, थॉमसनचं पान वेगळं, सोनाकाचं वेगळं, माणिक चमनचं वेगळं. सकाळचं दव असताना, दुपारच्या उन्हात, ढगाळ हवेत. चार-पाच वेगवेगळे फोन, त्यात सात-आठ हजारवाला जुना एक पाहिजेच. पानाच्या दोन्ही बाजू.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिकवायचे फोटो आणि परीक्षेचे फोटो वेगळे करताना फोटोवार मिसळून वाटणी करू नकोस, प्लॉटवार कर. सावळजच्या एका प्लॉटमधले फोटो शिकवायला घेतले तर त्या प्लॉटमधला एकही फोटो परीक्षेत येता कामा नये. एकाच वेलीचे दोन फोटो इकडं आणि तिकडं गेले की मॉडेल रोग शिकत नाही, त्या प्लॉटची माती आणि मागचं शेडनेट पाठ करतं, आणि तुला परत ९८ टक्के दिसतात. माझे पहिले दोन प्रोजेक्ट याच चुकीनं वाया गेलेत.

नाव लावायचं काम दोन जाणत्यांकडनं स्वतंत्रपणे करून घे. दोघांचं जुळलं नाही तो फोटो बाजूला काढ. जिथं दोन जाणती माणसं फोटोवरनं भांडतात तिथं मॉडेलकडनं काय अपेक्षा करणार.

मणेराजुरी_अण्णा

पोरा आणि एक. बोर्डो मारल्यावर पानावर निळसर पांढरे डाग राहतात, चार दिवस जात नाहीत. कॅल्शियम मारलं तरी पांढरं बसतंय. रस्त्याकडेच्या ओळीत नुसती धूळ. हे सगळं फोटोत भुरीगत दिसतंय. आमच्या नातवानं परवा बोर्डोच्या डागाचा फोटो पाठवून मला भुरी आली म्हणून घाबरवलं. तेवढं तुझ्या यंत्राला शिकव.

तासगावचा_पोरगा

अण्णा हे सोन्यासारखं सांगितलंत. ‘फवारणीचे डाग’ आणि ‘धूळ’ असे दोन वेगळे वर्गच करतो.

हळदीचा_सौदा

धाग्यात घुसतोय माफ करा, पण विषय जवळचा आहे. माझं हळदीच्या अडतीचं काम, सांगली मार्केट यार्डात. पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचा) फोटो काढला की वजन, दर, हमाली, तोलाई सगळं आपोआप ॲपमध्ये उतरावं असं करायचंय. हे पण क्लाउडवरच लागेल का?

मिरजेची_अँड्रॉइडवाली

पट्टी छापील असेल तर नाही लागणार. गूगलच्या एमएल किटमध्ये मजकूर वाचायची जी दुसरी आवृत्ती आहे ती देवनागरी फोनवरच वाचते, फुकट, रेंजशिवाय. मुनीमजींच्या हातचं मोडकं अक्षर असेल तर तिथं ते अडतं, मग क्लाउडवरचं दस्तावेज वाचणारं घ्यावं लागेल. तरी पण आकडे माणसानं एकदा डोळ्याखालनं घालायचेच अशी स्क्रीन ठेवा. पैशाचा मामला आहे, १ चा ७ झाला तर शेतकऱ्याचं नुकसान. यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन तिकडं.

इस्लामपूरचा_अक्षय

बिलाचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो, हे माझ्यावर गुदरलंय. कंपनीचं नाव घेत नाही. मी दुकानदारांसाठी ॲप केलेलं, त्यात फोटोवरनं वस्तू ओळखायची सोय. एका अपडेटमध्ये चूक झाली, उत्तर आलं नाही की ॲप परत पाठवायचं, परत नाही आलं की परत, मध्ये थांबणं नाही, किती वेळा करायचं त्याला मर्यादा नाही. शुक्रवारी रात्री अपडेट सोडलं आणि मी लग्नाला कोल्हापूरला गेलो. बजेटचा इशारा लावलेला होता, ईमेल आला पण, मी बघितला रविवारी संध्याकाळी. तेव्हा कळलं की इशारा म्हणजे नुसता इशारा, तो काही बंद करत नाही. दोन महिन्यांचा पगार गेला. घरी सांगायला आठवडा लागला मला.

तेव्हा भावा, परत पाठवायचं तर दरवेळी आधीपेक्षा दुप्पट थांबून, जास्तीत जास्त पाच वेळा. प्रत्येक माणसाला दिवसाला किती फोटो याची मर्यादा सर्व्हरवर ठेव, ॲपमध्ये नको. क्लाउड रनवर एकावेळी जास्तीत जास्त किती मशीन उठतील तो आकडा हातानं टाक, दोन-तीन पुरतात तुला. आणि शुक्रवारी अपडेट सोडू नकोस.

विश्रामबागकर

अक्षयचं शंभर टक्के बरोबर. मी पण हे आधी लिहायला हवं होतं.

अजून एक, फोटोत माणसाच्या बागेचं ठिकाण असतं. फोन फोटोच्या पोटात जीपीएसचे आकडे लिहून ठेवतो, ते पाठवण्याआधी काढून टाक, नाहीतर कुणाच्या प्लॉटला कुठला रोग आहे याचा नकाशाच तुझ्या सर्व्हरवर तयार होतो. व्यापाऱ्याच्या हातात तो गेला तर दर पाडायला वापरेल. तालुका पाहिजे असेल तर विचारून घे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषेत पण देता आली पाहिजे असं आहे, म्हणजे मराठीत. ते कायद्यासाठी म्हणून नको, तुझ्याच गावच्या माणसांना समजावं म्हणून लिही. फोटो मॉडेल शिकवायला वापरणार असशील तर त्याची वेगळी परवानगी, नाही म्हणाला तरी रोग ओळखायची सोय चालू राहिली पाहिजे.

तासगावचा_पोरगा

मंडळी, चार महिन्यांनी परत आलोय. ऑक्टोबर छाटणीचा हंगाम सगळा यातच गेला. जे झालं ते सांगतो.

एकवीस प्लॉटमधनं फोटो गोळा केले, वडील आणि पलूसचे दादा दोघांनी वेगवेगळी नावं लावली. जे जुळले नाहीत त्यात बहुतेक सुरुवातीची डाउनी आणि मॅग्नेशियमची कमतरता असा घोळ होता, दोन्हीत पिवळं दिसतं. ते बाजूला काढले. पाच प्लॉट परीक्षेसाठी कुलपात ठेवले, त्यातला एकही फोटो मॉडेलला दाखवला नाही.

रचना आता अशी आहे. ॲप आधी वरचा फोटो घेतं, मग स्क्रीनवर पान उलटं करणाऱ्या हाताचं चित्र येतं आणि खालचा फोटो घेतल्याशिवाय पुढं जात नाही. धुरकट असेल तर तिथंच ‘परत काढा, हात स्थिर ठेवा’. मग जीपीएस काढून, पान कापून, फोटो रांगेत. सर्व्हर मुंबई रीजनला, क्लाउड रनवर, जास्तीत जास्त दोन मशीन. तिथं तुकडे पाडून तपासणी. किल्ली ॲपमध्ये नाही. एका माणसाला दिवसाला पंधरा फोटो.

एकदा वाटलं होतं की एवढं कशाला, तयार मोठं भाषेचं मॉडेल आहे त्यालाच फोटो दाखवून विचारू. करून बघितलं. उत्तर सुंदर मराठीत येतं, वाचताना विश्वास बसतो, आणि बोर्डोच्या डागाला त्यानं भुरी म्हणून औषधाचं प्रमाण पण सांगितलं. वडील म्हणाले हे जास्त धोक्याचं, कारण हे चुकतंय ते कळतच नाही. ते सोडून दिलं.

आता निकाल. कुलपातल्या पाच प्लॉटमधले दोनशे फोटो. १६१ बरोबर, २२ ला ‘मला कळत नाही’, १७ चूक. आधीच्या ९८ पुढं हे कमी वाटेल पण हे बागेतलं आहे. मला झोप येऊ देत नाहीत ते १७. त्यातले ११ असे की डाउनी होती, अगदी सुरुवातीची, खाली कापूस यायच्या आधीची, आणि ॲप म्हणालं निरोगी. म्हणून ‘निरोगी’ हा शब्दच काढून टाकला. आता ‘या फोटोत रोग दिसला नाही’ असं येतं आणि मागच्या तीन दिवसांत पाऊस झाला असं त्या माणसानं नोंदीत टाकलं असेल तर खाली लाल अक्षरात ‘दोन दिवसांनी परत तपासा’. ‘कळत नाही’ आलेले फोटो दादांच्या आणि वडिलांच्या ग्रुपवर जातात, त्यांचं उत्तर संध्याकाळपर्यंत येतं, आणि परवानगी असेल तर तेच फोटो पुढच्या शिकवणीत.

दीडशेजणांना नाही, पंचवीसजणांनाच दिलंय अजून. बिल आतापर्यंत परवडणारं आहे, घरच्या फोन रिचार्जपेक्षा जास्त नाही.

कृषीसेवा_पलूस

मी या पोराबरोबर तीन प्लॉट फिरलोय म्हणून सांगतो, आधी मी याच्या विरोधात होतो. ‘कळत नाही’ हे उत्तर ॲपनं माझ्यासमोर दिलं आणि ते पान खरंच मला पण कळलं नव्हतं, भिंग लावावं लागलं. तेव्हा माझ्या दुकानात मी लोकांना सांगायला लागलो.

पण ते ११ फोटो विसरू नकोस. डाउनी बीजाणूतनं रात्रीत पसरते, दमट हवा असली की सकाळी वेगळंच चित्र. तुझ्याकडं खाली कापूस यायच्या आधीचे फोटो कमी आहेत, कारण त्या अवस्थेत शेतकरी फोटो काढतच नाही, त्याला काही दिसलेलंच नसतं.

सांगली_ते_हिंजवडी

दादांनी नेमकं सांगितलं. तेच पान रोज काढायला पाहिजे. पानाला दोरा बांधून नंबर द्यायचा आणि पहिल्या दिवसापासून रोज दोन्ही बाजूंनी फोटो, मग आठव्या दिवशी डाउनी दिसली की मागं जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या फोटोला नाव लावायचं. त्याशिवाय ते ११ कमी होणार नाहीत. पण त्यासाठी कुणीतरी फवारणी न करता झाडं सोडायला पाहिजेत, आणि ते कोण करणार.

मणेराजुरी_अण्णा

मी करतो. पुढच्या छाटणीला पूर्वेकडच्या बांधावरची पाच झाडं बिनफवारणीची ठेवतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हायत, बाकीच्या प्लॉटला त्रास व्हायचा नाही, झालाच तर बघू. घड आधीच काढून टाकतो त्यावरचे. पोंगा फुटला की फोन करतो, तेव्हापासनं रोज सकाळी यायचं, दव वाळायच्या आधी. दोरा मी बांधून ठेवतो.

तासगावचा_पोरगा

येतो अण्णा. रोज सातच्या आत.